अण्णांची पद्मिनी चौकात बंद पडते

पत्र

माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णा गेले आणि तीन वर्षं गाडी वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. यंदा गणपतीच्या सुट्टीत मी आणि माझा मुलगा (तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे) दोघांनी मिळून ती काढली. टाकी धुतली. कार्बोरेटर उघडून साफ केला, नवीन किट टाकलं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, प्लगच्या वायरी नव्या घातल्या. टॅपेटही सेट केले. गाडी सुरू होते, रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाला छान पळते. पण उभी राहिली की नुसती थरथर कापते, आरशात मागचं काही दिसत नाही, आणि शिवाजी चौकात हमखास बंद पडते. चोक थोडा ओढून धरला तर मात्र शांत चालते. एक मिस्त्री म्हणतात बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून पुन्हा कोरणं, करावं लागेल, दुसरे म्हणतात कार्बोरेटर बदला. भाऊजी म्हणाले, "आता ह्यात काही राम राह्यला नाही, भंगारात द्या." आईला याच गाडीतून तुळजापूरला जायचंय. आम्हीच हात लावून बिघडवली का हो?

— एक वाचक, उदगीर

उत्तर

ताई,

हो, बहुतेक तुमच्याच हातून झालंय. वाईट वाटून घेऊ नका, मला तर तुमचं पत्र वाचून हायसं वाटलं. झिजलेलं इंजिन असतं तर दुखणं हळूहळू वाढत आलं असतं आणि ते परत फिरवता येत नाही. तुमच्या गाडीला जे झालंय ते आठ-दहा दिवसांत, ओळखीच्या पाच-सहा जागी झालंय. त्या जागा कोणत्या, हे तुम्हीच पत्रात लिहून दिलंय. तेव्हा बोअरिंगही नको आणि नवा कार्बोरेटरही नको. आणि भंगाराचं नाव तर काढूच नका.

तुमच्या सगळ्या पत्रात माझ्या दृष्टीने सोन्याचं वाक्य एकच: "चोक थोडा ओढून धरला तर शांत चालते." चोक ओढला म्हणजे आपण वरून हवा कोंडतो आणि इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळतं. तसं केल्यावर ते सुखावतंय, याचा अर्थ एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. आता दुसरी खूण. रस्त्यावर गाडी चांगली पळते. म्हणजे मेन जेट, वेगात पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, ठीक आहे, पंप पेट्रोल देतोय, करंटही बऱ्यापैकी आहे. दुखणं फक्त आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालतं तेव्हा, आहे. आयडलिंगला थ्रॉटलची, म्हणजे रेस दाबल्यावर उघडणारी, चकती जवळजवळ बंद असते. तेव्हा इंजिन एका वेगळ्या, बारीकशा जेटमधून आणि चकतीखालच्या छिद्रातून पेट्रोल घेतं. त्याच वेळी मॅनिफोल्डमधली, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीतली, ओढ सगळ्यात जास्त असते. कार्बोरेटरच्या खाली कुठे केसाएवढी फट असली तरी तिथून आत जाणारी हवा त्या घडीला फार होते. पाय दाबला, वरून भरपूर हवा यायला लागली, की ती फट हिशेबात राहत नाही. म्हणून चौकात रडते आणि नळेगावच्या रस्त्याला हसते.

तेव्हा शोध दोनच ठिकाणी सुरू करायचा: हवा कुठून चोरून आत जातेय आणि आयडलचं जेट कुठे तुंबलंय. बाकीच्या गोष्टी नंतर.

पण आधी गाडी शेडबाहेर काढा. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन अर्धा तास चालू ठेवलं तर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळत नाही. आणि आपल्याकडे शेड म्हटलं की शेजारी कडब्याची गंजी असतेच. कार्बोरेटर उघडायचा, पेट्रोल सांडायचं, प्लगच्या वायरीतून ठिणगी उडायची आणि चार हातांवर वाळका कडबा, हे मला चालणार नाही. मोकळ्या अंगणात, सावलीत, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला आणि चाकांना दगड लावून काम करा. वाळूची बादली हाताशी असू द्या. तुमचा पदर किंवा ओढणी पंख्याच्या पट्ट्याजवळ जाणार नाही असं बघा.

इंजिन तापू द्या, चोक पूर्ण आत ढकला, रेसचा स्क्रू थोडा वाढवून गाडी कशीबशी चालू ठेवा. आता रंगाचा छोटा ब्रश घ्या, साध्या इंजिन ऑइलमध्ये बुडवा आणि कार्बोरेटर जिथे मॅनिफोल्डवर बसतो त्या सांध्याभोवती सावकाश फिरवा. पुष्कळ मिस्त्री इथे पेट्रोल नाहीतर क्लीनरचा फवारा मारतात. खूण त्यानेही कळते, पण गरम सायलेन्सरच्या डोक्यावर पेट्रोल उडवणं मला पटत नाही. ऑइलने काम होतं. फट असेल तर ऑइल आत ओढलं जातं, क्षणभर फट बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो, थरथर कमी होते. मुलाला ब्रश द्या आणि तुम्ही डोळे मिटून नुसतं ऐका. सांध्यावर काही झालं नाही तर मॅनिफोल्ड जिथे हेडला लागतं तिथे फिरवा. मग मॅनिफोल्डला जोडलेली एखादी रबरी नळी असेल तर तिची दोन्ही टोकं. तीन उन्हाळे पत्र्याखाली काढलेलं रबर कडक होऊन चिरतं आणि ती चीर वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाही.

माझा अंदाज पहिल्याच सांध्याचा आहे. का, ते सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा परभणीला एका गॅरेजमध्ये एक फियाट आली होती. कार्बोरेटर मी साफ केला आणि आता हवा जायला नको म्हणून दोन्ही नट अंगातलं सगळं बळ लावून आवळले. थोडी शंका होती म्हणून खाली पॅकिंगही एकावर एक दोन घातली होती. तुमची गाडी करते तेच तिने केलं. चार दिवस मी जेट, प्लग, टायमिंग, सगळं उलटंपालटं केलं. पाचव्या दिवशी उस्तादांनी कार्बोरेटर उतरवला, जुन्या खिडकीची काच आणली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि कार्बोरेटरचा तळ त्यावर दोनदा अलगद घासून माझ्यासमोर धरला. नटांच्या बाजूचे दोन्ही कान चकाकत होते आणि मधला भाग तसाच काळपट होता. कान खाली वाकले होते, मध्ये पोकळी झाली होती. कार्बोरेटरचं अंग मऊ धातूचं असतं. जाड पॅकिंगवर नट जास्त आवळले की कान वाकतात आणि जितकं आवळावं तितकी मधली फट वाढते. त्या दिवसापासून तिथला नट मी छोट्या पान्याने, नुसत्या मनगटाच्या जोरावर, दोन्हीकडे थोडा थोडा आवळतो.

तुमच्या मुलालाही तेच करायला सांगा. तळ काचेवर पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासायचा. सगळा तळ एकसारखा चकाकला की थांबायचं, त्यापुढे एक हातही नको. नंतर पेट्रोलने धुऊन हवा मारायची, म्हणजे पॉलिशची भुकटी आत राहत नाही. पॅकिंग एकच, नवं आणि कोरडं. मधला जाड इन्सुलेटर असेल तर त्याच्याही दोन्ही बाजू काचेवर तपासा. तोही वाकतो.

आणखी एक जागा आहे, तिथे तुमची चूक नाही, वयाची आहे. थ्रॉटलचा दांडा कार्बोरेटरच्या अंगात जिथे फिरतो तिथलं भोक चाळीस वर्षांत झिजून लंबगोल होतं. इतकी वर्षं तिथे तेलकट मळ बसलेला असतो आणि तोच फट बुजवून असतो. तुम्ही धुऊन लख्ख केलं आणि फट उघडी पडली. दांड्याच्या टोकांवर ऑइलचा थेंब टाकल्यावर आवाज बदलला, किंवा दांडा बोटांनी वर-खाली हलला, तर लातूरला लेथवाल्याकडे पितळी बुश घालून मिळेल. किटमध्ये हा भाग येत नाही, म्हणून नवं किट टाकूनही गुण येत नाही आणि मिस्त्री नवा कार्बोरेटर सांगतो.

ऑइलच्या ब्रशने कुठेच काही बदललं नाही, तर आयडल जेटकडे वळा. त्याची खूण अशी: मिक्श्चरचा, म्हणजे आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा, स्क्रू हळूहळू आत-बाहेर फिरवा. आत घेताना इंजिन बसायला हवं आणि बाहेर काढताना सुधारून मग जड व्हायला हवं. फिरवून काहीच फरक पडत नसेल तर त्या वाटेने पेट्रोल येतच नाहीये. जेट काढून सूर्याकडे नाही, उजळ आभाळाकडे धरा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर आत डिंकासारखा थर आहे. तीन वर्षांत कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं आणि मागे हा चिकट थर राहिला. तार घालू नका. पितळेचं भोक मोठं झालं की ते जेट गेलंच. रात्रभर क्लीनरमध्ये भिजत घाला आणि सकाळी पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणा. जेटसोबत कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटांतूनही हवा मारा. पुष्कळ जण जेट पुसतात आणि वाट विसरतात.

मिक्श्चर स्क्रूचं टोकही भिंगाखाली बघा. कुणी कधी तो घट्ट आवळून ठेवला असेल तर टोकावर अंगठीसारखी खाच पडलेली दिसेल. तसा स्क्रू कधीच नीट सेट होत नाही, बदला. बसवताना बोटाने हलकेच पूर्ण आत न्यायचा, टेकला की दीड वेढा बाहेर. तिथून पुढे कान सांगतील तसं.

इथपर्यंतच बहुतेक काम होईल. तरी टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातल्या फटीबद्दल, बोलतो, कारण घरच्या दुरुस्तीत हमखास चुकतं ते हेच, आणि नुकसानही यानेच होतं. टॅपेट फार घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब गळतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळायला लागतो. आवाज तर अगदी गोड, शांत येतो, म्हणून माणूस फसतो. टॅपेट किंचित वाजलेलं चालतं, मुकं झालेलं चालत नाही. तुम्ही लिहिलंय की सेट केले, पण क्रम लिहिला नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात जोड्या असतात: एक आणि चार, दोन आणि तीन. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा पहिल्याचे सेट करायचे. पहिल्याचे हलतात तेव्हा चौथ्याचे. दोन-तीनचंही तसंच. इंजिन गार असताना, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित ओढ लागून सरकेल असं. मापं इनलेटची वेगळी, एक्झॉस्टची वेगळी. ती गाडीच्या पुस्तकातूनच घ्या, कुणी सांगितली म्हणून घेऊ नका. जुन्या माणसांना मापं वहीत लिहून ठेवायची सवय असे. डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालचा हत्यारांचा डबा एकदा नीट बघा. अण्णांच्या अक्षरातली एखादी नोंद निघाली तर ती त्याच इंजिनाला लागू पडलेली असते.

एखादाच सिलिंडर मार खातोय का, हे ओळखायला सायलेन्सरच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. सतत बाहेर फडफडली तर बरं. ठराविक तालात अडखळत असेल तर एक सिलिंडर चुकतोय. मध्येच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाहीये, गाडी तिथेच थांबवा आणि टॅपेट पुन्हा तपासा. थरथर बेताल असेल, ठेका धरत नसेल, तर पुन्हा हवा-पेट्रोलकडेच या.

करंटच्या बाजूचं थोडक्यात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. वायरी बदलताना दोन अदलाबदल झाल्या असत्या तर गाडी रस्त्यावर पळालीच नसती, तेव्हा ती भीती सोडा. नव्या पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा भाग) तेलाचा पातळ थर असतो, तो पुसला होता का? पॉइंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मि.मी., प्लगचा ०.६च्या आसपास. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळही, बदलतं, म्हणून आधी पॉइंट आणि मग टायमिंग, उलटं नाही. आणि जुना कंडेन्सर फेकला नसेल तर तो परत लावून बघा. आजकाल बाजारात मिळणारे काही नवे कंडेन्सर आठवड्यातच दगा देतात, मी स्वतः दोनदा फसलोय. जुना लावल्यावर गाडी सुधारली तर कारण हातात आलं, आणि पैसेही लागले नाहीत.

एका वेळी एकच बदल करा, गाडी चालवून बघा, मग दुसरा. तुम्ही दहा दिवसांत सात गोष्टी बदलल्या आणि शेवटी एकदाच किल्ली फिरवली. मायलेकांचा उत्साह मला दिसतोय, पण त्यामुळेच कोणत्या कामाने काय झालं हे तुम्हाला सांगता येत नाहीये.

पेट्रोलचाही थोडा हात आहे. अण्णांनी गाडी चालवली तेव्हाचं पेट्रोल आणि आज पंपावर मिळणारं पेट्रोल एक नाही. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या उसापासूनही ते होतं. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी मिश्रण पातळ पडतं. मिक्श्चर स्क्रू पूर्वीपेक्षा पाव-अर्धा वेढा जास्त बाहेर राहिला तर घाबरू नका. टाकीपासून पंपापर्यंतच्या आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या घ्याच. जुनं रबर फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि तुमच्या नुकत्याच धुतलेल्या जेटमध्ये जाऊन बसतात. पंपाआधी एक पारदर्शक फिल्टरही घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा पुन्हा कधी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची झाली तर टाकी रिकामी करून ठेवा.

बोअरिंग सांगणाऱ्या मिस्त्रींना एकच विनंती करा: आधी सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉईलची वायर सोडलेली, रेस पूर्ण दाबलेली. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले, दहा टक्क्यांच्या आत, तर बोअरिंगचा विषय संपला. एखादा फार कमी आला तर त्या भोकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी आले तर त्यांच्यामधलं हेड पॅकिंग. गेज न लावता बोअरिंग सांगणाऱ्याच्या ताब्यात इंजिन देऊ नका, तो कितीही जुना ओळखीचा असो.

एक बारीक गोष्ट राहिली. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसतं ते रबर इतक्या वर्षांत दगड झालेलं असतं. सगळं नीट होऊनही अंगात थोडी थरथर राहिली, पण गाडी बंद पडत नसली, तर फाउंडेशन बदला.

आता आईंचं तुळजापूर. उदगीरहून लातूर, औसा करत जवळजवळ दीडशे किलोमीटर होतात. नवरात्रात आणि कोजागिरीच्या आसपास जायचं मनात असेल तर त्या दिवसांत रस्त्यावर पायी चालणाऱ्यांची रीघ असते. गाडी तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, थांबत-थांबत जाते. म्हणजे जिथे तुमची गाडी दुखतेय तेच काम तिला सगळा वेळ करावं लागेल, वर इंजिनही तापेल. चोक ओढून ती वेळ निभावून नेऊ, असं मनात असेल तर तसं करू नका. तासभर चोकवर चालवली तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि मग बोअरिंग खरंच करावं लागतं. मी तुमच्या जागी असतो तर आईंना गर्दी ओसरल्यावर, एखाद्या मधल्या वारी, पहाटे घेऊन निघालो असतो.

त्याआधी नळेगावपर्यंत एक फेरी करा. तिथे चहाला थांबण्याआधी गाडी पाच मिनिटं नुसती उभी चालू ठेवा, मग बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. घरी आल्यावर प्लग गार होऊ द्या आणि चारही काढून जुन्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडा. फिकट तपकिरी असतील तर आईंना तारीख सांगा. चारही पांढुरके असतील तर हवा अजून कुठून तरी जातेय, ब्रश पुन्हा हातात घ्या. काळी काजळी असेल तर मिक्श्चर पाव वेढा आत. एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा नंबर मला कळवा, आणि कागदाची पट्टी आत ओढली गेली होती की नव्हती, तेही लिहा.